कार्यप्रणालीतील छुप्या सेटिंग्ज

संगणकाची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) स्वतःच्या वागणुकीचे असंख्य तपशील नोंदींच्या रूपाने साठवून ठेवते. त्यांपैकी काहींनाच पडद्यावर बटण किंवा यादी दिलेली असते. उरलेल्या नोंदी थेट साठ्यात जाऊन बदलाव्या लागतात आणि त्यांनाच छुप्या सेटिंग्ज म्हणतात. दिसणारी व छुपी सेटिंग बहुधा एकाच साठ्यात लिहिली जाते, हे ध्यानात आले की या विषयाभोवतीचे बरेचसे गूढ ओसरते.

विंडोजमध्ये हा साठा म्हणजे रजिस्ट्री होय. पूर्वी अशा नोंदी आयएनआय प्रकारच्या साध्या मजकूर-फायलींत विखुरलेल्या असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित कामासाठी आली आणि विंडोज ९५ पासून ती घरगुती संगणकांतही मध्यवर्ती झाली. तिची रचना फोल्डरसारखी असून ‘की’च्या (फोल्डरवजा कप्प्याच्या) आत ‘व्हॅल्यू’ (नावासह साठवलेली मूल्ये) असतात. ‘करंट यूजर’ या शाखेतील बदल त्या वापरकर्त्यापुरता राहतो, तर ‘लोकल मशीन’मधील बदल सर्वांना लागू होतो व त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ‘रेजएडिट’ हे संपादन-साधन विंडोजसोबतच येते.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एखाद्या पेढीच्या संगणकावर हिशेबातील रक्कम १,२३४,५६७ अशी उमटत असेल, तर ‘इंटरनॅशनल’ या कीमधील ‘एस-ग्रुपिंग’ या व्हॅल्यूत ३;२;० असे लिहिल्यावर तीच रक्कम १२,३४,५६७ अशी दिसते. हा बदल कंट्रोल पॅनेलमधूनही करता येतो आणि तेथे केलेली निवड याच व्हॅल्यूत येऊन बसते. मेन्यू उघडण्यापूर्वीचा विलंब ठरवणारी ‘मेन्यू-शो-डिले’ ही व्हॅल्यू मात्र नेहमीच्या सेटिंग्जमध्ये सापडत नाही. तिचे मूळ मूल्य ४०० मिलिसेकंद असते.

नागपूरकरांना खरोखर उपयोगी पडणारी छुपी सेटिंग वीजवापराच्या विभागात आहे. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या (मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या) दिवसांत, येथे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. पंखा लॅपटॉपमध्ये ओढतो ती हवाच तापलेली असल्याने प्रोसेसर लवकर गरम होतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अनेक प्रोसेसर गरजेनुसार मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने धावतात व उष्णतेचा मोठा वाटा त्यातूनच येतो. ही वाढ आवरणारा ‘प्रोसेसर परफॉर्मन्स बूस्ट मोड’ हा पर्याय विंडोज १० व ११ मध्ये असतो, पण बहुतेक संगणकांवर दिसत नाही. रजिस्ट्रीतील ‘पॉवर सेटिंग्ज’खाली त्याच्या कीमध्ये ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’ ही व्हॅल्यू १ ऐवजी २ केली की तो प्रगत वीज-पर्यायांत प्रकट होतो. तेथे ‘डिसेबल्ड’ निवडल्यास प्रोसेसर सहसा मूळ वेगाच्या वर जात नाही, तापमान उतरते आणि पंख्याचा आवाज घटतो. चित्रफीत-संपादनासारखे जड काम अर्थातच रेंगाळते. टंकलेखन, हिशेब किंवा ऑनलाइन वर्गाला फरक क्वचितच जाणवतो. बॅटरी व थेट वीज यांसाठी पर्याय वेगवेगळे असल्याने दोन्ही तपासावे लागतात.

रजिस्ट्रीच्या संपादनात ‘अनडू’ नसतो. म्हणून जी ‘की’ बदलायची ती आधी ‘एक्स्पोर्ट’ करून तिची प्रत असलेली रेज (.reg) फाइल जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद आहे. दुसऱ्याकडून आलेली रेज फाइल डबल-क्लिक करून संमती देताच लागू होते, पण ती निव्वळ मजकूर असल्यामुळे नोटपॅडमध्ये आधी वाचता येते आणि वाचलीच पाहिजे. ‘रजिस्ट्री साफ’ करून वेग वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रॅमांपासून दूर राहावे: काही हजार निरुपयोगी नोंदी काढल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही आणि चुकून कामाची नोंद गेली तर संगणक सुरू होण्यासही अडचण येते.

मॅकओएसमध्ये हेच काम टर्मिनलमधील ‘डिफॉल्ट्स’ या आज्ञेने होते. लिनक्समध्ये बहुतेक यंत्रणा-सेटिंग्ज ‘इटीसी’ निर्देशिकेतील मजकूर-फायलींत असतात, तर नोम (GNOME) या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या पसंती ‘डीकॉन्फ’ साठ्यात.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील किंवा कार्यालयांतील संगणकांवर यांपैकी पुष्कळ गोष्टी प्रशासकाने धोरण म्हणून ठरवलेल्या असतात. अशी धोरणे रजिस्ट्रीतच ‘पॉलिसीज’ या कींमध्ये लिहिली जातात, सामान्य वापरकर्त्याला त्या बदलता येत नाहीत आणि त्याने इतरत्र केलेल्या निवडीपेक्षा त्यांचा अंमल वरचढ ठरतो.