कोको पावडर: डबा उघडण्याआधी वाचा

आमच्याकडे कोको पावडर दोन प्रकारची मिळते: नैसर्गिक आणि अल्कली-प्रक्रिया केलेली, म्हणजे ‘डच’. दोन्ही बिनसाखरेच्या आहेत. पिण्यासाठी एकीऐवजी दुसरी घेतली तर फक्त चव बदलते. केकमध्ये मात्र घोळ होतो.

नैसर्गिक पावडर फिकट तपकिरी, आंबटसर आणि उग्र असते. तिचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास असतो. डच पावडरीतला आंबटपणा अल्कलीने मारलेला असतो. पीएच ७ च्या जवळ जातो, रंग गडद होतो आणि चव सौम्य होते. पाकिटावर ‘अल्कली’ किंवा ‘आम्लता नियामक ५०१’ असं दिसलं की ती डच समजा. रंग गडद म्हणजे कोको जास्त, असं अजिबात नाही. अगदी काळी पावडर आम्ही फक्त रंगासाठी, दुसऱ्या पावडरीत चमचाभर मिसळायला सुचवू; एकटी वापरली तर चव बोथट लागते.

कपासाठी

आमचं मत डच पावडरीच्या बाजूने. एका कपाला पावडरीचे २ सपाट छोटे चमचे (सुमारे ५ ग्रॅम), तेवढीच साखर आणि चिमटीभर मीठ. मीठ वगळू नका, त्याने कडवटपणा दबतो. हे आधी कोरडंच मिसळा, मग २ मोठे चमचे कडकडीत पाणी घालून चकचकीत लगदा होईपर्यंत घोटा. त्यावर १५० मिली गरम दूध थोडं थोडं ओता. शेवटी मंद आचेवर मिनिटभर उकळी द्या आणि ढवळत राहा, नाहीतर दूध बुडाला लागतं.

पावडर थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्याच. कोकोत स्टार्च असतो. तो बाहेरून फुगतो आणि आतली पावडर कोरडी राहते. मग कितीही ढवळा. कोरडी साखर आधी मिसळली की कण एकमेकांपासून सुटे राहतात.

तळाशी गाळ बसला तर पावडर खराब नाही. कोको विरघळतच नाही, नुसता तरंगत राहतो. उकळीने स्टार्च दाटतो आणि गाळ उशिरा बसतो, तरी पिताना चमचा जवळ असू द्या. थंड पेय हवं असेल तरी लगदा गरम पाण्यातच करा आणि मग त्यात थंड दूध घाला.

केकसाठी

पाककृतीत फक्त खायचा सोडा असेल तर नैसर्गिक पावडर घ्या. तिच्यातलं आम्ल सोड्याशी भिडतं आणि केक फुगतो. इथे डच वापरली आणि दही, ताक, लिंबू असं दुसरं आंबट काहीच नसलं, तर केक बसका होतो आणि साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरीत आम्ल आधीच असतं, म्हणून तिथे दोन्ही चालतात. घरात डचच असेल तर सोड्याच्या जागी त्याच्या तिप्पट बेकिंग पावडर घाला. उलट गरज पडली तर ३ मोठे चमचे नैसर्गिक पावडरीत पाव छोट्या चमच्याच्या निम्मा सोडा मिसळा. अंदाजाने जास्त टाकू नका, पुन्हा तीच साबणाची चव.

आणि ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी वापरू नका. त्यात बरीचशी साखरच असते.

साठवण

हवाबंद डबा, कोरडी जागा, मसाल्यांपासून लांब. कोको वास पटकन ओढून घेतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताना डब्यात दव धरतं आणि पावडरीचे खडे होतात. चमचा कोरडा हवा.

घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, आणि चॉकलेटच्या वडीपेक्षा पावडरीत त्याचं प्रमाण जास्त असतं. कुत्र्याने पावडर खाल्ली तर लक्षणं दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करा.