पोर्ट २५ ला कुलूप का लागलं

भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे कंपनीकडून घेतलेल्या आभासी सर्व्हरवर, स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. बाहेरून मेल येतेय, पण इथून एकही जात नाही. रांग वाढतेय आणि लॉगमध्ये एकच रड: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. नवखा माणूस मग रात्रभर पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची कॉन्फिग उलटीपालटी करतो. चूक बहुतेक वेळा तिथे नसतेच; सेवादात्यानेच बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हर ज्यातून एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, बंद ठेवलेला असतो.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ हा मानक दस्तऐवज लिहून एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलचे, नियम ठरवले, तेव्हा नेटवर्कवर मुख्यतः विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी यंत्रणा होत्या. ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेत जो पत्ता सांगितला तो खरा मानायचा, पडताळणी नाही. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन विचारणार नाही, तसंच. परक्याची मेल पुढे पोचवणं, म्हणजे आजचा बदनाम ‘ओपन रिले’, हा त्या काळी शेजारधर्म होता. १९७८ मध्येच डेक या संगणक कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, काहीशे जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली होती, पण त्यातून प्रोटोकॉल काही शिकला नाही.

नव्वदीत इंटरनेट बाजारात आलं आणि स्पॅमवाले याच शेजारधर्मावर पोसले. १९९७ मध्ये इंटरनेट अभियंते पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी सुरू झाली. डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७६ ने ग्राहकाची मेल घ्यायला ५८७ हे वेगळं पोर्ट दिलं, त्यामुळे २५ फक्त सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीपुरतं उरलं. मग २००३ मध्ये ‘सोबिग’सारखे वर्म, म्हणजे आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, आले, स्वतःचंच एसएमटीपी इंजिन घेऊन. घरगुती संगणक परस्पर मेल ओकू लागले, तेव्हा इंटरनेट कंपन्यांना बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करणं सोपं वाटलं. पुढे अनेक क्लाउड कंपन्यांनी तीच रीत उचलली. बंदी फक्त जाणाऱ्या बाजूला, म्हणून येणारी मेल बिनघोर येत राहते. टेलनेट या आज्ञेने दुसऱ्या एखाद्या मेल सर्व्हरचं २५ ठोठावून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं. उत्तर नाही आलं तर कॉन्फिग सोडा आणि सेवादात्याकडे अर्ज करा. नाहीतर ५८७ वरून एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवा.

कुलूप उघडलं तरी ‘५५०’चा, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा कायमचा, नकार येऊ शकतो. तो नंतर चढलेल्या पडताळणीच्या थरांचा: एसपीएफ (२००६; डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (२००७; मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (२०१२; या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते). फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी लहान पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं, शिवाय आयपीची उलट नोंद, म्हणजे पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारा पीटीआरही. ही नोंद डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत, शोधून सापडत नाही, ती व्हीपीएसवाल्याच्या पॅनलमध्ये असते. आयपीच्या आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवला असेल तर त्याची बदनामीही तुमच्याच माथी.

असा नकार आला की माझा पहिला संशय मात्र आयपीव्ही६ वर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, असतो. सर्व्हर गुपचूप त्या वाटेने जातो, पीटीआर लावलेला असतो फक्त जुन्या आयपीव्ही४ ला, आणि जीमेल दारातूनच परतवतं. पोस्टफिक्सला तात्पुरतं आयपीव्ही४ पुरतं बांधलं की मेल जाऊ लागते.