खांद्याचं ऑपरेशन झालं, रिपोर्ट नॉर्मल. मग दुखतंय काय?

टाके सुकलेत, एक्स-रे स्वच्छ आहे, तरी खांदा रात्रभर ठणकतो. दाखवायला गेलं की 'सगळं नॉर्मल आहे' एवढंच ऐकू येतं. हा 'नॉर्मल' जरा तपासून घ्यावा. पुष्कळदा त्याचा अर्थ 'या तपासणीत, आज, काही सापडलं नाही' इतकाच असतो.

जंतुसंसर्गाचंच घ्या. ताप, लाली, पू यांची आपण वाट पाहतो. पण खांद्याच्या आणि पाठीच्या त्वचेत, तेलग्रंथींच्या खोल तोंडाशी क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जिवाणू मुक्कामाला असतो. मुरमांशी ज्याचं नाव जोडलं जातं, तोच हा. ऑपरेशनपूर्वी लावलेलं जंतुनाशक वरची त्वचा साफ करतं, ग्रंथीच्या तळापर्यंत पोहोचेलच असं नाही. छेद घेताना हा आत शिरला, तर महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो. ताप नाही, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) अनेकदा नॉर्मल. फक्त दुखणं आणि आखडलेला सांधा. त्याची वाढही अतिशय संथ. नेहमीच्या जंतूंसाठी कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) चार-पाच दिवस ठेवलं की भागतं, याच्यासाठी साधारण 14 दिवस थांबावं लागतं. पाचव्या दिवशी तपासणी बंद केली, तर 'वाढ नाही' असा रिपोर्ट येतो आणि तो खोटाही नसतो!

नसांचंही असंच. 1948 साली पार्सोनेज आणि टर्नर या दोन डॉक्टरांनी एका विकाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खांद्यात अचानक असह्य कळा सुरू होतात. काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या ओसरतात, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि मग लक्षात येतं की हात वर जातच नाही. भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकललं, तर काहींच्या पाठीचं चपटं हाड एका बाजूने पंखासारखं बाहेर येतं. हा विकार शरीराच्या दुसऱ्याच भागावरच्या ऑपरेशननंतरही होतो. पण ऑपरेशन खांद्याचं असलं की सगळा दोष सर्जनच्या किंवा फिजिओच्या माथी जातो. नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी, पहिल्या आठवड्यात केली तर बिघाड नीट दिसत नाही. साधारण तीन आठवडे जावे लागतात. तुटलेले तंतू परत वाढतात तेही दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटरने. त्यामुळे सुधारणा महिन्यांच्या हिशेबात मोजावी लागते, कधी वर्षांच्या.

मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला असेल, तर त्याच दिवशी दम लागल्यासारखं होणं, पापणी उतरणं, आवाज बसणं हेही घडतं. शेजारच्या नसा बधिर झालेल्या असतात. औषध उतरलं की बहुतेकांचं आपोआप जातं. दम वाढत असेल किंवा टिकून राहिला, तर मात्र लगेच कळवावं.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती सीआरपीएसची, म्हणजे इजा किंवा ऑपरेशननंतर हातापायात चिवटपणे टिकणाऱ्या वेदनेच्या विकाराची. ऑपरेशन खांद्याचं, पण सुजतो तो पंजा. रंग बदलतो, घाम सुटतो, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. कोणत्याही एका रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे पक्कं होत नाही. निदान लक्षणांवरून आणि हात पाहून करतात. मशीनला दिसत नाही म्हणून 'मनाचे खेळ' म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे. शिवाय घाबरून हात बांधून ठेवला की हा त्रास वाढतो. वेदना आटोक्यात ठेवून हळूहळू हालचाल वाढवणं हाच उपचाराचा गाभा.

म्हणून तारखांची नोंद ठेवा: कळ कधी सुरू झाली, कधी थांबली, ताकद कधी गेली. दोन्ही पंजांचे एकाच उजेडात फोटो काढा. रात्री अर्धवट बसून, कोपराखाली उशी घेऊन झोपल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. जखम वाहायला लागली, ताप आला किंवा छातीत दुखलं तर वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारा: कल्चर किती दिवस ठेवणार? ईएमजी कधी करायची? आणि सांध्यातलं पाणी तपासायला काढायचं असेल, तर त्याआधी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. जंतू दबतो आणि कल्चर पुन्हा कोरंच येतं.