बेसबॉल खेळणाऱ्यांना अभ्यास माफ असतो का?

अमेरिकेतील महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात निवड झाली की अभ्यास नावापुरताच उरतो, असा संदेश पालकांच्या गटांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. आपल्याला टीव्हीवर केवळ सामने दिसतात, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे तीन विभाग असतात. त्यांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातील खेळाडूने सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजण्याचे एकक) विषय घेतलेले असावे लागतात, आणि दुसरे वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के व तिसरे संपेपर्यंत ६० टक्के अभ्यासक्रम पूर्ण झाला नसेल, तर त्याला मैदानात उतरता येत नाही. हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. खरी मेख इथेच आहे, कारण सामन्याचा अख्खा दिवस त्यात ३ तासच धरला जातो आणि प्रवास मोजलाच जात नाही. हंगाम फेब्रुवारी ते मे, म्हणजे ऐन सत्रात. गुरुवारी बस निघाली की शुक्रवारचे प्रात्यक्षिक बुडते, आणि रसायनशास्त्राची वही रविवारी रात्री परतीच्या बसमध्ये मांडीवर उघडावी लागते. ही मुले करतात ते कष्ट मला फार मोलाचे वाटतात. तिसऱ्या विभागात तर क्रीडा शिष्यवृत्तीही नसते.

पडताळणी सोपी आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर संघाचे सामन्यांचे वेळापत्रक मिळते. ते परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. अनेक ठिकाणी खेळाडूच्या नावापुढे त्याचा मुख्य विषयही दिलेला असतो. प्रवेशापूर्वी प्रशिक्षकांना एवढेच विचारावे, की दुपारी प्रात्यक्षिके असणारे विषय संघातील किती जणांनी घेतले आहेत.