पोलादी नळकांड्यातला ज्वालामुखी

इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकातून वाचलेल्या रोमन लेखक धाकट्या प्लिनीने राखेच्या काळ्या ढगात विजांसारख्या, पण विजांहून मोठ्या ज्वाळा दिसल्याचे एका पत्रात लिहून ठेवले आहे. ही वीज येते कुठून, हे उद्रेकाजवळ जाऊन तपासणे अवघड असते. शिवाय राखेचा स्तंभ पुरेसा उंच चढला की त्यातले बाष्प गोठते आणि गडगडाटी ढगात होते तसे बर्फाचे कणही विद्युतभार निर्माण करू लागतात; मग राखेचा वाटा किती आणि बर्फाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातील कोर्राडो चिमारेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाला वगळूनच पाहायचे ठरवले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खऱ्या ज्वालामुखीची राख पोलादी नळकांड्यात भरून आर्गॉन वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे शंभरपट वाढवला जातो आणि मधला पातळ पडदा एकाएकी फाटू दिला जातो. वायू आणि राख यांचा झोत वरच्या टाकीत उसळतो आणि काही सहस्रांश सेकंदांत त्यात बारीक विजा चमकून जातात. त्या नुसत्या डोळ्यांनी नीट टिपता येत नाहीत, म्हणून अतिवेगवान कॅमेरा आणि अँटेना लागतात.

राखेऐवजी काचेचे बारीक मणी भरले तरी विजा चमकल्या, हा मला या प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग वाटतो. राखेच्या रसायनापेक्षा कणांच्या आकारमानाला महत्त्व होते: बारीक कणांचे प्रमाण जितके जास्त, तितक्या विजा अधिक. कण एकमेकांवर आपटतात, घासतात, फुटतात. साधारणपणे बारीक कणांवर ऋण भार आणि जाड कणांवर धन भार साचतो. झोताच्या कडेच्या भोवऱ्यांत हे कण वेगवेगळे होऊन त्यांचे पुंजके बनतात आणि पुंजक्यांमधले विभवांतर, म्हणजे विद्युतदाबातला फरक, हवेला पेलवेनासे झाले की ठिणगी पडते. पुढे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत राखेत पाणी मिसळताच ठिणग्या लक्षणीयरीत्या घटल्या, म्हणजे ओलसर उद्रेकाची विद्युतखूण कोरड्या उद्रेकाहून निराळी असणार.

अशा खुणा वाचता येण्याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे, कारण विजेचे रेडिओसंकेत ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही दूरवर पोहोचतात. अलास्काच्या निर्जन बोगोस्लोफ बेटावर 2016-17 मध्ये झालेल्या उद्रेकांवर लक्ष ठेवताना विजांच्या नोंदींचाही आधार घेण्यात आला; राख विमानांना धोकादायक असते आणि त्या भागावरून आशिया व अमेरिका यांना जोडणारी विमाने जात असतात.