आग, जाळपोळ आणि जळीत : कोल्हापुरातील एका शब्दाची पार्श्वभूमी

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. ज्या गायक नटाचे नाव त्याला दिले आहे, त्याची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. संस्थानकाळात, १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या या वास्तूचे छप्पर कोसळले, रंगमंच गेला, शेजारच्या खासबाग मैदानालाही झळ बसली. या घटनेला कोणी आग म्हणते, कोणी जळीत. यातला दुसरा शब्द कोल्हापूरला फार जुना आणि अवघड आहे.

पूर्वी आगीचा अर्थ इथे मुख्यतः लढाईतला होता. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी पन्हाळ्यावर तोफा डागल्या आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात कंपनीच्या फौजेने त्याच गडाच्या तटाला खिंडार पाडले. तोफेत ठासायची ती दारू आणि जत्रेत उडवायची तीही, शोभेची का होईना, दारूच. युद्ध आणि करमणूक या शब्दात एकत्रच नांदत आली.

‘जळीत’चा गुंता वेगळा आहे. जाळण्याला कर्ता लागतो, जळण्याला लागत नाही, आणि जळीत हा शब्द जळण्याच्या बाजूचा आहे. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जमावांनी ब्राह्मणांची घरे आणि दुकाने पेटवली. कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओही पेटवण्यात आला. तिथला एक चित्रपट त्यात गेला आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. त्या काळची नायट्रेटची फीत पेटताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे एकदा धरलेली आग पाण्यालाही दाद देत नाही. हे सारे ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ म्हणून आणि होरपळलेली कुटुंबे ‘जळीतग्रस्त’ म्हणून नोंदली गेली. ती जाळपोळ होती, आणि तिला जळीत म्हणताना पेटवणारा हात वाक्यातून निसटतो, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

आज हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो उसाच्या हंगामात. विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडली असो, की तोडणी सोपी व्हावी म्हणून कोणी पाला पेटवला असो, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन्ही ‘जळीत ऊस’ ठरतात आणि दरातील कपात दोन्हींना लागू शकते. पेटलेल्या फडात सकाळी गेले, तर तडकलेल्या कांड्यांतून पाझरलेला रस काजळीवर चिकटलेला दिसतो. हात लावला की बोटे काळी होतात. तिथून वजन घटू लागते, साखरेचा उतारा खाली येतो आणि तोड मिळेपर्यंतचा प्रत्येक दिवस शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून तो पंचनाम्यात आधी कारण लिहून घ्या, असा आग्रह धरतो.