समुद्राची दारं

दर काही महिन्यांनी एक जुना व्हिडिओ फोनवर नव्याने येऊन धडकतो. केनियातला रस्ता, आडवी फाटलेली जमीन, काठावरून आत डोकावणारी माणसं आणि खाली ठळक अक्षरांत ‘आफ्रिकेचे दोन तुकडे!’ प्रसंग मार्च २०१८ मधला. ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेने बुजलेली एक जुनी भेग तिथे आधीपासून होती. मुसळधार पावसाने ती राख धुऊन नेली आणि वरची जमीन खचली, असं अनेक भूशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण ‘पावसाने राख वाहून गेली’ हा निरोप कोण कोणाला पुढे पाठवणार?

गंमत अशी की आफ्रिका फाटतेय हे खरंच आहे. फक्त वर्षाला काही मिलिमीटरने. आपली नखं वर्षात तीन-चार सेंटिमीटर वाढतात, म्हणजे या शर्यतीत नखं कितीतरी पुढे. अर्थात ही झाली सरासरी. प्रत्यक्षात फटीच्या तोंडाशी बराच काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम हिसका बसतो. सप्टेंबर २००५ मध्ये इथिओपियातल्या अफार भागात खालून शिलारस घुसला आणि साठेक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, काही आठवड्यांत, जमिनीच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर ढकलल्या गेल्या. काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. याचा व्हिडिओ मला कधीच कोणी पाठवला नाही.

या विषयातला दुसरा गैरसमज शाळेतल्या आकृत्यांनी पोसलेला आहे. खाली लाल रंगाचा उकळता लाव्हा आणि त्यावर होड्यांसारखे तरंगणारे खंड. प्रत्यक्षात भूकवचाखालचं प्रावरण जवळपास सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि प्रावरणातून त्या बिनदिक्कत जातात. घन असूनही लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहतं, हिमनदीचं बर्फ वाहतं तसं. आणि भूपट्टाला, म्हणजे खंड आणि सागरतळ वाहून नेणाऱ्या खडकाच्या प्रचंड लादीला, ओढण्याचं मोठं काम करतो तो त्याचाच म्हातारा, थंड, जड झालेला सागरतळ, जो एका टोकाला प्रावरणात बुडत असतो. टेबलावरून घसरणाऱ्या चादरीचं लोंबतं टोक उरलेल्या चादरीला खेचतं, तसं.

खंड सरकतात हे १९१२ मध्ये ठासून मांडणारा आल्फ्रेड वेगेनर मुळात हवामानशास्त्रज्ञ होता. उष्ण प्रदेशातल्या खडकांवर हिमनद्यांचे ओरखडे आणि गोठलेल्या प्रदेशात दगडी कोळसा, हे कोडं त्याला स्वस्थ बसू देईना. खंडांना हलवणारं इंजिन मात्र त्याला दाखवता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला, आणि सागरतळाने त्याच्या बाजूने साक्ष दिली ती १९६० च्या दशकात.

हे सगळं सांगताना आपलं लक्ष जमिनीवर असतं. मला वेड आहे ते जमिनींमधल्या फटींचं. खंड थोडासा सरकला की समुद्राचं एखादं दार उघडतं किंवा मिटतं, आणि मग हजारो किलोमीटरवरचं हवामान बदलतं.

अंटार्क्टिकाचंच बघा. तिथल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाला भोकं पाडून काढलेल्या गाळात सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचे ताडवर्गातल्या झाडांचे परागकण सापडले आहेत. खंड तेव्हाही दक्षिण ध्रुवावरच होता. म्हणजे ‘ध्रुवावर गेला म्हणून गोठला’ हे उत्तर बाद. बर्फाची मोठी चादर पसरली ती सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास १.८५ कोटी वर्षांनंतर. या दरम्यान ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून सुटत होते. टास्मानियाच्या दक्षिणेला एक दार उघडलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाखाली दुसरं, ड्रेक सामुद्रधुनी. दोन्ही उघडल्यावर पृथ्वीवर एक असा पट्टा तयार झाला जिथे पाणी कुठेही जमिनीला न अडखळता पुरी प्रदक्षिणा घालू शकतं.

त्याने एवढं काय बिघडलं? इथे जरा दमाने वाचा, कारण हा माझा आवडता भाग आहे.

समजा, उष्ण पाण्याला विषुववृत्ताकडून दक्षिणेला जायचंय. पृथ्वी फिरते म्हणून दक्षिण गोलार्धात वाहत्या पाण्यावर डावीकडे ढकलणारं कोरिऑलिस बल असतं. दक्षिणेकडे तोंड केलं की डावा हात पूर्वेला येतो. म्हणजे पाणी पूर्वेकडे सरकू बघतं. पूर्वेला खंडाची भिंत असेल तर पाणी तिच्याशी किंचित साचतं, पृष्ठभाग तिकडे थोडा उंच होतो, आणि तो उतार पाण्याला पश्चिमेकडे मागे रेटतो. दोन रेटे एकमेकांना फिट्टंफाट करतात आणि पाणी सरळ दक्षिणेला निघून जातं. थोडक्यात, उत्तर-दक्षिण वाहायला टेकायला भिंत हवी.

आता भिंतच काढून घ्या. पूर्वेकडे चढत जाणारा उतार टिकवायचा तर समुद्राचा पृष्ठभाग पूर्वेला चढत चढत पुरी प्रदक्षिणा करून जिथून निघाला तिथेच, त्याच उंचीवर, परत यायला हवा. गोल जिना सतत चढत राहायचा आणि तरी तळमजल्यावरच उतरायचं! ते अशक्य. म्हणून त्या अक्षांशांवर वरच्या थरांतलं पाणी असं सलग दक्षिणेला वाहू शकत नाही. खोलवर पाण्याखालच्या डोंगररांगा भिंतीचं काम थोडंफार करतात, आणि फिरते भोवरे काही उष्णता चोरून नेतातच. पण राजमार्ग बंद. त्याऐवजी पश्चिमी वाऱ्यांनी हाकलेला एक प्रवाह खंडाभोवती गरगरत राहतो, सेकंदाला साधारण १३ ते १७ कोटी घनमीटर पाणी घेऊन. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते सेकंदाला जेमतेम १२ लाख घनमीटर.

इतकी देखणी यंत्रणा हाती लागली की सगळं श्रेय तिलाच द्यावंसं वाटतं. मीही बरीच वर्षं दिलं. पण २००३ मध्ये डीकोन्टो आणि पोलार्ड या शास्त्रज्ञांनी संगणकावर हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा दार बंद ठेवूनही हवेतला कार्बन डायऑक्साइड पुरेसा उतरवला की बर्फ साचतच होता. दार उघडं असलं तर तो थोडा आधी साचायचा, इतकंच. म्हणजे मुख्य हात कार्बन डायऑक्साइडचा, दाराचा हातभार.

मग कार्बन डायऑक्साइड कमी कशाने झाला? इथेही संशयित एक खंडच आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियावर आदळला, मधला टेथिस समुद्र मिटला. एव्हरेस्टच्या शिखरावरच्या चुनखडकात आजही समुद्री जिवांचे अवशेष आहेत. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल बनून सिलिकेट खडक झिजवतो, त्यातलं कॅल्शियम आणि हवेतून आलेला तो कार्बन समुद्रात जातात, शंख-शिंपल्यांत अडकतात आणि शेवटी तळाशी चुनखडक होऊन बसतात. पर्वत वर आला की ताजा खडक सतत उघडा पडतो आणि हा कारखाना जोरात चालतो, असं मॉरीन रेमो आणि विल्यम रडिमन यांनी १९९२ मध्ये मांडलं. यावर अजून भांडणं चालू आहेत आणि ती वाचायला मजा येते.

ड्रेकचं दार समुद्राला उघडलं, तेव्हा ते जमिनीवरच्यांना बंद झालं. पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या शिशुधान प्राण्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियाला चालत गेले होते. १९८२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावर अशा प्राण्याचा जीवाश्म सापडला. पुढे वाट तुटली आणि ऑस्ट्रेलियात कांगारूंचं राज्य एकांतात फुललं. खंडवहन माहीत नव्हतं तेव्हा असल्या कोड्यांना ‘बुडालेले खंड’ हे उत्तर असे. मादागास्करच्या लेमूर या माकडांच्या दूरच्या नातलगांसाठी फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये ‘लेमुरिया’ कल्पिला, आणि त्या काळात ते प्रामाणिक अनुमान होतं. पुढे गूढवाद्यांनी त्यात अतिमानव वसवले आणि आज त्यांची मंदिरंसुद्धा समुद्रतळावर ‘दिसतात’. खंडाचा खडक सागरतळाच्या खडकापेक्षा हलका असतो. तो ताणून पातळ झाला तर पाण्याखाली जातो, न्यूझीलंडभोवतीच्या बुडालेल्या झीलँडिया खंडाचं तसंच झालं, पण एका रात्रीत संस्कृतीसकट गडप होत नाही.

थंड पडलेल्या त्या दक्षिण समुद्रात एक मासा आहे, ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्याच्यावर लिहिलं. रक्त पाण्यासारखं, कल्ले पांढुरके. अतिथंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, त्यामुळे लाल पेशींवाचून त्याचं भागतं. रक्त गोठू नये म्हणून त्यात निसर्गाने घातलेलं ‘अँटिफ्रीझ’ असतं. कोमट समुद्रात हा प्राणी टिकणं कठीणच.

पनामात उलटं घडलं. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण अमेरिका तिथल्या संयोगभूमीने पुरत्या जोडल्या गेल्या. त्या पुलावरून घोडे, उंटकुळातले लामांचे पूर्वज आणि मांजरकुळातली जनावरं दक्षिणेला गेली, आर्माडिलो उत्तरेला आले. पाण्यातल्यांची मात्र ताटातूट झाली. चिमटा आपटून टचकन आवाज करणारी कोळंबी दोन्ही किनाऱ्यांवर आहे, दिसायला जवळपास सारखी. नॅन्सी नॉल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन समुद्रांतले नर-माद्या एकत्र ठेवले, तर बहुतेक जोड्या संसार मांडायचं सोडून एकमेकांवर चिमटे उगारू लागल्या.

आणि आफ्रिका? अफारच्या उत्तर भागात दानाकिलचा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीपेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तांबडा समुद्र आणि तो यांच्यामध्ये थोडीशी उंच जमीन उभी आहे, तेवढाच काय तो अडसर. पाणी तिथे पूर्वी शिरून गेलंय. ते आटून उरलेल्या मिठाच्या जाड लाद्या कुऱ्हाडीने तोडून उंटांवर लादल्या जातात, आणि कडेच्या वाळवंटात, सव्वा लाख वर्षांपूर्वी जिथे पाण्याची रेघ होती तिथे, प्रवाळांचे खडक अजून उन्हात उभे आहेत.